ब्याण्णववर आधण

मसावाला, समुद्रकाठी, पाणी शंभरावर उकळतं.
अस्मराला ब्याण्णववर.
मधे एकशेपंधरा किलोमीटर घाट
आणि आमची बासष्ट सालची फियाट,
रंग एकेकाळी पिस्त्याचा.

वोल्दू काका म्हणायचा, इंजिनाला ताप हवाच.
माणसाला सदतीसचा, तसा त्याला पंच्याऐंशीचा.
गार इंजिन पेट्रोल ढोसतं, तेल काळं करतं,
आतल्या आत भिंती खरवडत राहतं
कुणाला ऐकू न येता.
गिरमात्सियोन काकाचं म्हणणं, असल्या मुलखात
थर्मोस्टॅट हवा कशाला? पाण्याला वाहू द्या.
आणि त्यानं तो काढून फेकलाही होता,
आजोबांच्या चाळिसाव्या दिवसाच्या आदल्या रात्री,
न विचारता.

अकरा वर्षं दोघं बोलले नाहीत.
त्यावरच की आणखी कशावर,
मला कुणी सांगितलं नाही.
वोल्दू काकानं नवा बसवला नाही.
ज्यानं काढला त्यानं बसवावा, एवढंच.
अस्मराच्या सकाळी काटा साठाच्या खाली कुडकुडायचा,
रेडिएटरपुढे तो खोक्याचा पुठ्ठा बांधायचा
आणि वाट पाहायचा.

त्या ऑगस्टात बस आली नाही
म्हणून गिरमात्सियोन काका पुढच्या सीटवर,
मी मागे, पायांत पाण्याचा पिवळा कॅन.
दोंगोलोपर्यंत काटा सरळ.
गिंडाच्या चढावर कलू लागला.
वोल्दू काकानं हीटर लावला, पुरता.
बाहेर एक्केचाळीस, आत हीटर!
इंजिनाचा ताप आपण वाटून घ्यायचा असतो, मला म्हणाला,
पण मान वळवली नाही.
गिरमात्सियोन काकाचा सदरा पाठीला चिकटला.
त्यानं काच खाली केली. हूं की चूं नाही.

नेफासितला फुस्स झालं.
वाफ, गंजाचा वास, रस्त्यावर तांबडं पाणी.
टोपणाला हात लावू नका, वोल्दू काका ओरडला,
आणि मग तिघंही दगडावर बसलो.
गरम असताना उघडायचं नाही. बस्स.
पोरं बादलीतून निवडुंगाची बोंडं विकत होती,
सोलून देत होती, काटे बोटांत न जाऊ देता.
मी सहा खाल्ली.
बॉनेटखाली काहीतरी टिकटिक करत निवत होतं.

चाळीस मिनिटांनी:
रबर गेलंय टोपणाचं.
माहीत आहे.
सायकलच्या ट्यूबचं कापलंयस?
हो.
वाकडं कापलंयस.

वोल्दू काका उठला, ओलं फडकं दुमडलं,
टोपण पाव फेरा फिरवून थांबला.
दाब सुस्कारत बाहेर पडला.
मग पाणी, इंजिन चालू ठेवून, बारीक धारेनं,
दोघांचे हात एकाच कॅनवर.
मी तेव्हा बोंडांच्या बिया थुंकत होते,
नीट पाहिलं नाही.

अस्मराला पोचलो तेव्हा दरीतून ढग वर येत होते.
लेतेब्रहान आत्याच्या स्वयंपाकघरात
वोल्दू काकानं खिशातून वर्तमानपत्राची पुडी काढली.
थर्मोस्टॅट. किती वर्षं जवळ होता, देव जाणे.
वर कोरलेलं: ब्याऐंशी.
आधी तपासू, गिरमात्सियोन काका म्हणाला.
थर्मामीटर नव्हता.
पण ब्याण्णव कुठे आहे ते इथलं पाणी स्वतःच सांगतं,
त्याआधी उघडला तर चालतो.

आत्याच्या भांड्यात दोऱ्यानं लटकवला.
दोन टकली भांड्यावर वाकलेली.
तळाशी बारीक बुडबुडे, मग मोठे.
आधण यायला अजून थोडं होतं
आणि पितळी चकती हलली,
नखाएवढी.

उघडला, एकजण म्हणाला. कोण ते आठवत नाही.

आत्यानं भांडं लिंबानं तीनदा घासलं,
तरी कॉफीला लोखंडाचा वास होता.
पहिल्या फेरीनंतर गिरमात्सियोन काका नेहमी उठायचा.
त्या दिवशी तिसरीपर्यंत बसला.
पुठ्ठा कुठे ठेवलास, त्यानं विचारलं,
उद्या लागणार नाही.
लागेल, वोल्दू काका म्हणाला. थंडी आहे.